वरणाची बादली

सप्ताहाचा सहावा दिवस, रात्रीचा एक

झोप येत नाही म्हणून उठून लिहायला बसलोय. मारुतीच्या पारावरून पहाऱ्याच्या टाळांचा आवाज येतोय.

आज दुपारची पंगत आमच्या भावकीची होती. वाढायला पोरं कमी पडली म्हणून माझ्या मित्रानं वरणाची बादली उचलली. दोन-चार पत्रावळींवर वाढून झालं असेल, तोवर तात्या आले. त्यांनी बादली त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. "राहू दे लेकरा, वाजवून दमलास. बस सावलीला." आवाजात राग नव्हता, मायाच होती, आणि मला तेच जास्त लागलं. ती बादली परत पंगतीत आली नाही. मांडवामागं झाकून ठेवली आणि संध्याकाळी म्हशीच्या आंबोणात ओतली. ओतताना मी पाहिलं. त्यानंही पाहिलं.

तो मातंगाच्या घरचा. त्याचे वडील गावच्या लग्नांत हलगी वाजवायचे. तो आळंदीला चार वर्षं राहून मृदंग शिकून आला, तेव्हापासून अकरा वर्षं आमच्या सप्ताहाला तोच वाजवतो. काल रात्री कीर्तन सुटल्यावर तात्यांनीच वाकून त्याच्या पायांना हात लावला होता, "माऊली" म्हणून. कीर्तनात पाय धरायचे आणि पंगतीत बादली धरू द्यायची नाही, हे तात्यांच्या एकाच मनात कसं मावतं, मला कळत नाही. तात्या वाईट माणूस नाहीत. मला खांद्यावर बसवून पंढरी दाखवली ती त्यांनीच.

हरिपाठ झाल्यावर मी सगळ्यांसमोर विषय काढला. तात्या म्हणाले, पूर्वापार चालत आलंय, कशाला काड्या करतोस. मग मला राहवलं नाही. म्हटलं, जनाबाई आपल्या गंगाखेडची, दासी म्हणून राबलेली, तिचे अभंग आपण पहाटे काकड्याला म्हणतो. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस बांधताना भिंतीखाली गेले. त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून नामदेवांनी महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या बाहेरच, कारण जिवंतपणी त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. पुढं सहाशे वर्षं त्यांच्या माणसांना त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आलं नाही. १९४७ साली सानेगुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठं दार उघडलं. आणि आपण आपल्या मांडवात पुन्हा तोच उंबरा घालतोय? कुणी बोललं नाही. दोघं-तिघं उठून गेले. एक म्हातारी माळकरी बाई तेवढी म्हणाली, "पोरगं खरं बोलतंय की." त्या एका वाक्यानं मला रडूच आलं.

मग मित्राकडं गेलो. तो ओसरीत बसून मृदंगाच्या धुमाची वाळलेली कणीक खरवडून काढत होता. ती कणीक रोज आमच्याच घरातून जाते. मान वर न करता म्हणाला, "उद्या काल्याला दुसरा कुणी बघा."

मी भांडण सांगितलं. वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बोललास ते चांगलं केलंस. पण मला विचारायचंस तरी. आता उद्या दळणाला, दुकानाला, जिथं जाईन तिथं माझ्या बादलीचीच गोष्ट निघणार. तू घरी जाऊन जेवशील. मला त्यांच्याच डोळ्यांसमोरनं जायचंय." त्याच्या आईनं आतून चहा आणून दिला. काही बोलल्या नाहीत. मी कप हातात धरून नुसता बसून राहिलो.

तो म्हणाला ते खरं आहे. मी त्याच्यासाठी बोललो, पण त्याच्या वतीनं काय बोलायचं हे मीच ठरवून टाकलं. तरी गप्प बसायला हवं होतं असं काही मला वाटत नाही. तात्यांशी पुन्हा बोलणार आहे, चारचौघांत नाही, घरात. आणि त्याआधी त्याला विचारणार आहे.

उठताना मी विचारलं, आजच्या पहाऱ्याचं काय? दोन ते चारचा विणा त्याच्याकडं असतो. ती वेळ कुणालाच नको असते, म्हणून पहिल्या वर्षापासून त्याच्याच नावावर लिहिलेली. म्हटलं, मी उभा राहतो तुझ्या जागी.

"नको," तो म्हणाला. "विणा खाली ठेवता येत नाही. येतो मी."

दीड वाजलाय. त्याच्या आधी पारावर पोचायचंय. टाळ घेतलेत.