आजीचे दहा शब्द आणि आमची एक ट्यूब

गेल्या वर्षी जुलैत नवऱ्याच्या कमरेवर, पट्टा बसतो तिथे, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. चिपळूणचा पाऊस. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, दमट पँट चढवूनच कामावर जायचं. "अ‍ॅलर्जी असेल," म्हणत त्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चौथ्या दिवशी खाज गेली, लाली गेली, आम्ही विसरलो. गणपतीच्या तोंडावर चट्टा परत आला, आणि एकटा आला नाही. जांघेत, पाठीवर, मग आमच्या लेकीच्या दंडावरही.

त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब मागून घेतली, वाचली, बाजूला ठेवली. मग ब्लेडने चट्ट्याच्या कडेचा कोंडा अलगद काचपट्टीवर खरवडला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला आणि थोड्या वेळाने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "या, बघा." मी डोळा लावला. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी पेशी, आणि त्यांच्यावरून आडवेतिडवे गेलेले, फाटे फुटलेले बारीक तंतू. ही बुरशी. नायटा, म्हणजेच गजकर्ण. ती बाहेरच्या कडेला पसरत जाते आणि मधली त्वचा निवळते, म्हणून ते गोल कडं दिसतं.

आमच्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि क्लोबेटासोलही होतं. क्लोबेटासोल हे त्वचेला लावायच्या स्टेरॉइडमधलं अतिशय तीव्र. ते सूज आणि खाज दाबतं, पण त्यासोबत त्या जागची शरीराची लढाईही दाबतं. वरून सगळं शांत दिसतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. नवऱ्याच्या जांघेत जांभळट रेघा उठल्या आहेत, त्या आता पूर्ण जाणार नाहीत. बुरशीसाठीच्या क्लोट्रिमॅझोलचं नाव क्लोबेटासोलच्या इतकं जवळचं आहे की काउंटरवर घाईत कुणाचीही गफलत व्हावी. 2018 साली सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आम्हाला ती चिठ्ठीशिवाय मिळाली, आणि याचा मला आजही राग येतो. स्टेरॉइड वाईट नाही. इसबावर डॉक्टर तेच देतात, मोजून, ठरावीक दिवस. नायट्यावर ते लावणं हे खतपाणी घालणं आहे.

त्या दिवशी घरी येताना मला संगमेश्वरकडची माझी आजी आठवत होती. तिच्याकडे प्रत्येक डागाला वेगळं नाव होतं. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात फुटतात त्या चिखल्या. वैशाखात पाठीवर टोचतं ते घामोळं. मानेवर, छातीवर फिकट पडतं ते शिबं. गरोदरपणात गालावर चढतो तो वांग. रात्री अंथरुणात खाज वाढली आणि घरातले सगळेच खाजवायला लागले, की ती म्हणायची खरूज, आणि सगळ्यांची अंथरुणं उन्हात घालायची. तिचे उपाय सगळे बरोबर नव्हते. नातवंडांच्या गालावर फिकट चट्टे दिसले की ती जंताचं औषध द्यायची. ते बहुतेकदा कोरड्या त्वचेचे चट्टे असतात, तेल-क्रीम लावत राहिलं की हळूहळू निवळतात. कोड असलेल्या घरात ती सोयरीक करू देत नसे, आणि हे लिहिताना वाईट वाटतं, कारण कोड स्पर्शाने कुणालाच होत नाही. पण बघायची ती नीट. कुठे आहे, कडा कशी, खाज कधी. आम्ही सगळ्याला "अ‍ॅलर्जी" म्हणतो आणि ट्यूब उघडतो.

त्वचेचा पोत ओळखायलाही मी त्यानंतरच शिकले. चेहरा धुवायचा, काही न लावता अर्धा तास बसायचं. माझी त्वचा ओढल्यासारखी होते. नवऱ्याच्या कपाळावर टिपकागद लावला तर तेल उमटतं. तेरा वर्षांच्या लेकीचं नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे. तीन माणसं, तीन पोत, आणि इतकी वर्षं आम्ही एकाच कडक साबणाने तोंडं धूत होतो.

नायटा जायला दोन महिने लागले. डाग दिसेनासे झाले तरी डॉक्टरबाईंनी गोळ्या-मलम थांबवू दिलं नाही. टॉवेल वेगवेगळे झाले. आता पावसाळ्यात रोज रात्री मी आतले कपडे इस्त्रीने कोरडे करते, विशेषतः शिवणी.

परवा लेक मान वाकवून समोर आली. "आई, हे घामोळं की शिबं?" तिला खिडकीपाशी नेलं. फिकट ठिपके, नखाने घासलं की बारीक कोंडा, टोचत नाही. शिबं वाटतंय. शुक्रवारची वेळ घेतली आहे, तोवर काही लावलेलं नाही.