'सेंत-स' म्हणजे बसा की बरं वाटतंय?

लिस्बनला येऊन तीन वर्षं झाली तरी माझं पोर्तुगीज दुकानापुरतंच होतं. नागरिकत्वासाठी पोर्तुगीज ए-टू म्हणजे प्राथमिक लेव्हलपर्यंत येतं याचा पुरावा लागतो म्हणून त्या लेव्हलच्या 'सिप्ले' भाषापरीक्षेचा फॉर्म भरला (पास व्हायला १०० पैकी ५५ लागतात) आणि संध्याकाळचा क्लास लावला. बाकीची क्रियापदं घोकून जमली, घोडं अडलं ते 'सेंतिर'वर.

झालं असं की तापाने फणफणून डॉक्टरकडे गेलो, बाई म्हणाल्या "सेंत-स", मला वाटलं कसं वाटतंय विचारतायत, मी ऐटीत "बेंय, ओब्रिगादु", म्हणजे बरंय, थँक्यू, आणि तसाच उभा! मग त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

क्लासात बाईंना विचारलं तर त्या हसतच सुटल्या. 'सेंतिर' म्हणजे जाणवणं, लॅटिन 'सेंतिरे'वरून आलेलं. 'सेंतार' म्हणजे बसवणं, ते 'सेदेरे' म्हणजे बसणं या लॅटिन घराण्यातलं. नातं काही नाही, पण आदराने बोलताना 'बसा' आणि 'त्यांना वाटतंय' दोन्ही 'सेंत-स'च! पुढे 'बेंय' आलं, आवाज प्रश्नाचा असला, की तब्येत विचारतायत समजायचं.

त्या 'सेंतिरे'चा अर्थ नुसतं जाणवणं नव्हता, मत असणं पण होता, म्हणून कोर्टाचा निकाल 'सेंतेंसा'. हे मला लगेच पटलं कारण आपण पण 'बरं वाटतंय' आणि 'मला वाटतं तो चुकला' एकाच वाटण्यात उरकतो की. रस्त्यावरची वन-वेची पाटी 'सेंतिदु ऊनिकु', तिथे सेंतिदु म्हणजे दिशा, आणि 'फाश सेंतिदु' म्हणजे अर्थ लागतो. शेजारी बसणारा इटालियन म्हणाला आमच्यात सेंतिरे म्हणजे ऐकणं पण, मी म्हटलं बाबा तू गप्प बस, आधीच गोंधळ आहे.

दुसरा घोळ लिहिताना. 'मला वाटतं'ला 'सिंतु' होतं, मधला ए जाऊन इ येतो. सराव पेपरात मित्राची आजी गेल्याचं पत्र होतं, "सिंतु मुइंतु", म्हणजे 'खूप वाईट वाटतं', याऐवजी मी लिहिलं "सेंतु मुइंतु", म्हणजे 'मी खूप बसवतो'. बाईंनी लाल पेनाने खुर्ची काढून दिली :) आणि सांगितलं, इथे कुणी गेलं की 'उश मेउश सेंतिमेंतुश' म्हणायचं, माझ्या भावना, बस.

तोंडी परीक्षा जोडीने असते. आत गेलो, परीक्षक आम्हा दोघांना म्हणाले "सेंतांय-स". अनेकवचनातही तोच लोचा, पण मी काही न बोलता आधी खुर्ची ओढली.