हॉलमधल्या सिस्टिमचा अपडेट: ४८ चं ४४.१ झालं, आता डग्ग्याची घूम

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डॅक (डिजिटल फाइलचं अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) तोच, अ‍ॅम्प तोच, बुकशेल्फ स्पीकर तेच, आणि तरी आवाजात एवढा फरक पडलाय की जुन्या रिप (सीडीवरून कॉपी केलेल्या फाइल) पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसलोय.

आधी सोर्सचं सांगतो. आतापर्यंत लॅपटॉपवरून यूएसबीने डॅकला द्यायचो आणि फाइल कुठलीही लावा, डॅकच्या डिस्प्लेवर कायम ४८ (किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) दिसायचं. सीडीवरून रिप केलेलं सगळं ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मग हे ४८ आलं कुठून? तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमधून. त्याला ब्राउझरचा आवाज, नोटिफिकेशनचं टिंग आणि आपलं गाणं एकत्र करून एकाच रेटने बाहेर सोडायचं असतं, म्हणून तो सगळंच ठरलेल्या रेटला रिसॅम्पल करतो, म्हणजे सॅम्पल नव्याने मोजून बसवतो. ४४.१ चं ८८.२ म्हणजे सरळ दुप्पट, पण ४८ करायचं तर १४७ सॅम्पलमागे १६० असा हिशोब. रिसॅम्पलर चांगला असेल तर कानाला कळत पण नाही, मान्य, पण तो चांगला आहे की नाही हे आपल्या हातात नसतं, त्यापेक्षा मधून काढलेलाच बरा.

घरात रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) पडून होता, त्याच्यावर मूड ऑडिओ ही गाणी वाजवायची सिस्टिम टाकली, आत एमपीडी हा प्लेअर, आणि आउटपुट थेट डॅकला. मग गाणं चालू असतानाच टर्मिनलमध्ये अल्साची (लिनक्समधला साउंडचा भाग) हार्डवेअर पॅरामीटर्सची फाइल उघडून बघितली. रेट ४४१००. पुढचा अल्बम ९६ चा होता, तो लागल्याबरोबर डॅकमधला रिले टक् करून वाजला आणि फाइलमध्ये ९६००० आलं. ज्यांनी हे अजून चेक केलं नसेल त्यांनी नवीन डॅकचे रिव्ह्यू वाचायच्या आधी हे एकदा बघाच, फुकटात होतं.

यूएसबी केबल साधीच ठेवलीय, प्रिंटरची असते तसली. असिंक्रोनस यूएसबीत क्लॉक डॅकचं स्वतःचं असतं, डेटा डॅक मागेल तसा येतो, त्यामुळे केबलवर हजारो रुपये घालायला माझा तरी हात होत नाही.

हमचा त्रास होता तो पण गेला. अ‍ॅम्पला टीव्ही जोडला की बारीक गुंऽऽ चालू, ५० आणि १०० हर्ट्झचा. सेट टॉप बॉक्सच्या मागून केबलवाल्याची कोअ‍ॅक्सिअल वायर काढली की एकदम शांत, परत लावली की गुंऽऽ हजर. म्हणजे बिल्डिंगच्या गच्चीवरून येणाऱ्या वायरचं अर्थिंग वेगळं, अ‍ॅम्पचं वेगळं, आणि मधे ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगमधून फिरणारा करंट. आता टीव्हीतून ऑप्टिकल केबल डॅकला दिलीय, काचेतून नाहीतर प्लॅस्टिकमधून नुसता प्रकाश जातो, वीज जायचा प्रश्नच नाही. कुणी प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका, जिवावर बेतेल.

आता खरा फरक कुठे पडला ते. खोली १२ बाय १० फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि तबला लागला की डग्गा नुसता घुमायचा, मींड (सूर सरकत जाणं) कुठे सुरू झाली कुठे संपली काही कळायचं नाही, आणि त्या घुमेत तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) पण झाकली जायची. मेजरमेंट माइक घेतला, रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) मारला आणि ग्राफवर दोन डोंगर दिसले, एक ४७ हर्ट्झजवळ, दुसरा ९४ जवळ. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा, बरोबर ४७ येतात आणि त्याची दुप्पट ९४. डग्ग्याचा सूर नेमका त्या वरच्या डोंगराच्या आसपास फिरतो, आणि भिंतीला टेकून बसलं की असले सगळे मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारे सूर) फुल जोरात ऐकू येतात.

सोफा दीड फूट पुढे ओढला, ९४ चा डोंगर साधारण ३ डीबी उतरला. मुद्दाम तीन फुटांवर बसून बघितलं तर तिथे ९४ चा खड्डाच, डग्ग्यातला जीवच जातो. दीड फूट फायनल. (घरच्यांची परवानगी मिळालीय, सोफ्याच्या मागे आता इस्त्रीचं टेबल बसतं.)

उरलेलं कॅमिलाडीएसपीमध्ये, म्हणजे ईक्यूच्या (ठराविक फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायच्या) सॉफ्टवेअरमध्ये. ४७ आणि ९४ ला फक्त कट, बूस्ट कुठेच नाही, कारण खड्डा भरायला गेलं तर अ‍ॅम्प आणि वूफर दमतात आणि खड्डा तसाच राहतो, आणि वर डिजिटल क्लिपिंगची (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटायची) भीती. आता बिट परफेक्ट (फाइलमधला डेटा जसाच्या तसा डॅकपर्यंत) कुठे राहिलं असं कुणीतरी विचारणारच. नाही राहिलं. पण गणित ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये होतं, त्यातली चूक २४ बिटच्या पण कितीतरी खाली, आणि समोर खोली कित्येक डीबीचा गोंधळ घालतेय, मला तरी हा सौदा शंभर टक्के पटतो. मिक्सरने न विचारता केलेला बदल वेगळा आणि आपण मोजून केलेला वेगळा.

काल रात्री एक विलंबित ख्याल लावला, ठेका सुरू झाला आणि डग्ग्यावर मनगट घासून सूर वर चढतो ना, तो अख्खा चढताना ऐकू आला, आणि मागे दोन तानपुरे वेगवेगळे, एक डावीकडे एक उजवीकडे. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पुढे रॉकवूलचे चार इंची पॅनल करायचेत, साइडच्या भिंतींच्या रिफ्लेक्शनसाठी. ४७ ला त्याचा काही उपयोग नाही, तिथे पाव वेव्हलेंग्थच १.८ मीटर होते, ते काम ईक्यूकडेच राहील. कापड कुठलं लावलंत, आणि फ्रेम प्लायची की पाइनची, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, सुताराला रविवारी बोलावलंय.