मसाई पठार: गाडी पायथ्याला ठेवा आणि चालत वर जा

कोल्हापूरकर पन्हाळ्याला किती वेळा जातो याची मोजदाद नसते. पाहुणे आले की पन्हाळा, नवी गाडी घेतली की जोतिबाला नारळ आणि येताना पन्हाळा, पाऊस लागला की भजी खायला पन्हाळा. त्याच पन्हाळ्याच्या पाठीमागं दहा-एक किलोमीटरवर मसाई पठार आहे. आमच्या घरात आप्पा सोडले तर कुणी ते पायी पाहिलेलं नव्हतं. मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा गाडीतून. वर जाऊन काच खाली केली, वारा घेतला, फोटो काढले आणि वीस मिनिटांत परत फिरले. यंदा विसर्जन झाल्यावर आप्पाच म्हणाले, "एकदा चालत चल माझ्याबरोबर. गाडीतून ते दिसतच नाही." आप्पा अडुसष्ट वर्षांचे आणि भाची अकराची. या दोघांना झेपलं, त्यामुळं बहुतेकांना झेपेल असं समजून हे लिहिते आहे.

सकाळी सहाला निघालो. शिवाजी पूल ओलांडला, दोन्ही बाजूंचा ऊस मागं टाकत केर्ली गाठलं. तिथून जोतिबाचा फाटा सोडून सरळ पुढं आलं की वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ लागतो. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण वीस किलोमीटर. गाडी नसेल तर कोल्हापूरहून पन्हाळ्याला एसटी आहेत, पण तिथून पठाराकडं जायला बसच्या भरवशावर राहू नका. एक तर वडाप, म्हणजे खाजगी जीप, ठरवा, नाही तर पुढं पायी जायची तयारी ठेवा. आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यात पन्हाळाही आहे, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी नाक्यापासूनच गर्दी असते. आम्ही बुधवारी गेलो, गड जागा व्हायच्या आत त्याला वळसा घालून म्हाळुंग्याच्या दिशेनं उतरलो. खूप पाऊस झाला असेल तर निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता, हे कोल्हापूरकरांना आठवत असेल.

म्हाळुंग्याच्या बाजूनं गाडी पार पठारावर जाते. माझी पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे, की ती नेऊ नका. आम्ही खाली एका घरापाशी विचारून गाडी लावली. घरातल्या मावशी म्हणाल्या, "लावा की, कोण काय करतंय." परतताना त्यांच्याकडंच चहा झाला. तिथून वर पोचायला आप्पांच्या पावलानं पाऊण तास लागला. चढ दमवणारा नाही, पण पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या. वर सावलीला झाड नाही, दुकान नाही आणि असूही नये.

ज्यांना पूर्ण चालायचं असेल त्यांच्यासाठी जुनी वाट आहेच. पन्हाळगडाच्या राजदिंडीतून उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर यायचं. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच वाटेनं विशाळगडाकडं गेले. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू पडले आणि खिंडीचं नाव पावनखिंड झालं. दर जुलैला या वाटेनं हजारो लोक चालतात. त्या दिवसांत वाट भरलेली असते आणि चिखल गुडघ्यापर्यंत असतो. इतिहासासाठी जायचं असेल तर तेव्हा जरूर जा. फुलांसाठी आणि शांततेसाठी जायचं असेल तर भाद्रपदातले शेवटचे दिवस आणि अश्विनाची सुरुवात धरा.

वर पाय ठेवला आणि भाची म्हणाली, "आत्या, इथं तर काहीच नाही की." तिचं खरं होतं. लांबून बघितलं तर हिरवट, काळपट, सपाट मोकळं रान, आभाळाला टेकलेलं. आप्पा काही बोलले नाहीत. वीस पावलं पुढं गेले, गुडघ्यावर बसले आणि तिला हाक मारली.

जांभ्याच्या खोलगट खडकात बोटभर माती होती, वर शेवाळ आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढी लालसर चकती. पानांचं बारीक चक्रच ते, जमिनीला चिकटून पसरलेलं. प्रत्येक पानाच्या कडेला लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चमकणारा थेंब. ते दव नव्हतं. त्यातल्या एका पानाला चिलटाएवढा किडा चिकटला होता आणि त्याचा एक पाय अजून हलत होता. यालाच दवबिंदू म्हणतात, किडे खाणारी वनस्पती. भाची पंधरा मिनिटं तिथून उठली नाही. मी पुढं जाऊया म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही जावा, मी इथंच बसतो."

इथल्या वनस्पतीला किडे का खावे लागतात, ते एकदा कळलं की सगळं पठारच वेगळं दिसायला लागतं. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या ऊन-पावसात काळा बेसाल्ट झिजून, धुऊन मागं उरलेला खडक. त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि लोखंडामुळंच तो तांबडा. झाडाला लागणारं बाकीचं बरंच काही पावसाबरोबर वाहून गेलेलं असतं. त्यावरची माती उथळ, कुठं वीतभर तर कुठं नुसती चिमूटभर, आणि तिच्यात नायट्रोजन फार कमी. मग काही वनस्पतींनी किड्यांतून तो मिळवायची सोय केली. दवबिंदूच्या शेजारीच जांभळट निळ्या फुलांचा गालिचा होता, सीतेची आसवे. नाव इतकं हळवं, पण तीही शिकारीच. ओल्या मातीत तिच्या मुळांच्या जागी सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्या आत ओढून घेतात. त्यांच्यामध्ये पांढऱ्या गुंड्या टाचल्यासारखे गेंद. थोडं उंच कोरड्यावर पिवळा कवला. त्याच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात आणि फूल समोरून पाहिलं की कान असलेला चेहरा दिसतो, म्हणून पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात. उतारावर सोनकी आणि तेरडा. हे सगळं पावसाच्या चार महिन्यांत उगवतं, फुलतं, बी धरतं. दिवाळीनंतर या, गवत पिवळं पडलेलं असतं आणि उन्हाळ्यात तर नुसता तापलेला दगड. बी मात्र त्या बोटभर मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडलेलं असतं.

म्हणून गाडीचा मुद्दा मी इतका धरून ठेवला आहे. दवबिंदूपासून शंभर पावलांवर चाकांच्या दोन समांतर रेषा गेल्या होत्या. दोन्हींच्या बाहेर गेंद आणि आसवे दाटीनं उभे, आणि रेषांच्या आत उघडा खडक व दाबून घट्ट झालेला गाळ. एक फूल नाही. तिथं गुरं घेऊन आलेले एक मामा भेटले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पावसात गाडी फिरली की माती सुटतीया, पाण्यासंगं जातीया. मग गवातबी येत न्हाई. दोन वर्सं झाली ह्याला." गुरांनी चरणं आणि चाकांनी चिरडणं यात फरक आहे, हे त्यांनी खुरांचे ठसे दाखवून समजावलं. खुराच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात आसवे उगवली होती.

हे पठार २०२२ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आसपास. कागदावरचं संरक्षण ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रत्येक चाकामागं पहारेकरी उभा करता येत नाही. फुलांच्या मधोमध चादर अंथरून जेवायला बसणं, फोटोसाठी गालिच्यात आडवं होणं, ड्रोन उडवणं यातलं काही करू नका. बसायचं तर उघड्या कातळावर बसा, तो त्यासाठीच मोकळा आहे असं समजा. चालताना मळलेली पायवाट धरा. फूल तोडून घरी नेलं तरी अर्ध्या तासात मिटतं, टिकत नाही.

फुलं बघत, थांबत मसाईदेवीच्या देवळापर्यंत आलो. देऊळ लहान, दगडी, पठाराच्या कडेला. बाहेर कट्ट्यावर बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. दक्षिणेला कासारीचं खोरं पसरलेलं होतं, भाताच्या खाचरांचे हिरवे तुकडे आणि त्यात चांदीच्या तारेसारखं पाणी. पूर्वेला पन्हाळा, पावनगड आणि लांबवर जोतिबाचा डोंगर. आप्पांनी भाचीला बोटानं दाखवलं, की या जांभ्याच्या छिद्रांतून मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं, ओढ्यांनी कासारीला जातं आणि कासारी पुढं पंचगंगेला मिळते. तिनं विचारलं, "म्हणजे आपल्या घाटावर येतं?" येतं.

टिटव्या सारख्या ओरडत होत्या. आमच्या डोक्यावर एक चंडोल गात वर वर गेला आणि मग दगड सुटावा तसा गवतात उतरला. वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. दोन तासांत आम्हाला त्या मामांखेरीज माणूस दिसला नाही.

अकराच्या सुमाराला धुकं आलं. येताना दिसलं, पश्चिमेच्या कडेवरून कापसाचा ढीग लोटावा तसं, पण ते एवढ्या लवकर येईल असं वाटलं नाही. पाच मिनिटांत देऊळ दिसेनासं झालं, मग दहा पावलांवरचे आप्पा. सपाट पठारावर धुक्यात दिशेला धरायला काहीच उरत नाही. मला वाटलं पायवाट डावीकडं आहे. त्या अंदाजानं भाचीचा हात धरून मी दोन-तीनशे पावलं गेले आणि अचानक समोरून गार वारा खालून वर आला. तो कड्यावरून येणारा वारा होता. मी जागच्या जागी थांबले. पाय थरथरत होते. मागून आप्पांच्या हाका येत होत्या, पण आवाज नक्की कुठून येतोय तेही कळत नव्हतं. तेवढ्यात गुरांच्या घंटा वाजल्या आणि ते मामा धुक्यातून बाहेर आले. म्हणाले, "पोरी, धुकं आलं की चालायचं न्हाई. खाली बसायचं. धुकंच जातंय निघून." आम्ही बसलो. पंचवीस मिनिटांत ते खरंच निघून गेलं आणि दिसलं की कडा आमच्यापासून फार लांब नव्हता.

तेव्हा फुलांच्या आधी ही गोष्ट लक्षात ठेवा. पठार अवघड नाही, धुकं अवघड आहे. एकमेकांचा हात सुटेल इतकं पांगू नका, लहान मुलांना तर अजिबात नाही. फोनमध्ये नकाशा घरूनच उतरवून ठेवा, कारण वर रेंज एका कोपऱ्यात मिळते, दुसऱ्यात जाते. वाट दिसेनाशी झाली की थांबा आणि बसा. दुपारनंतर वर चढू नका. सकाळी लवकर जाऊन बारा-एकपर्यंत उतरायला लागलेलं बरं.

कडेच्या खाली पांडवदरा म्हणून कोरीव लेणी आहेत. लोक ती पांडवांशी जोडतात. मामांनी वाट दाखवली, पण त्या दिवशी उतार शेवाळलेला होता आणि धुक्याचा अनुभव ताजा, म्हणून आम्ही गेलो नाही. तिकडं जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, गावातलं कुणी बरोबर घेऊन जा.

बूट रबरी, खाचा असलेल्या तळव्याचेच घाला. शेवाळलेला जांभा ओला असला की साबणासारखा होतो. आप्पांच्या हातात काठी होती आणि उतरताना मला तिचा हेवा वाटला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री एक मिनिट टिकत नाही. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवा, स्वतःचा तर परत आणाच, वाटेत सापडला तर दुसऱ्याचाही घ्या. आमच्या पिशवीत वेफर्सची सात पाकिटं आणि तीन बाटल्या जमल्या. भाचीनं त्या मोजून मावशींच्या दारातल्या बालदीपाशी मांडल्या. मावशी म्हणाल्या ठेवून जा, पण ती ऐकेना. पिशवी कोल्हापूरला आमच्याबरोबर आली.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा जायचं म्हणते आहे. आप्पांनी सांगितलं की तोपर्यंत दवबिंदू सुकलेला असेल. तिचं उत्तर असं, की मग ते मामा तर असतील की.