व्होप्नाफ्योर्दुरची वाट आणि चुकीचा योन

पूर्वज शोधायला निघाला असाल आणि त्यांच्या वाडीचं नाव हाती नसेल, तर आइसलँडचं तिकीट काढू नका. नुसतं माणसाचं नाव काही उपयोगाचं नाही.

माझं सासर कॅनडातल्या मॅनिटोबाचं. नवऱ्याचे खापरपणजोबा योन योनसोन १८७६ साली पूर्व आइसलँडमधून आले, एवढंच घरात ठाऊक होतं. आदल्या वर्षी आस्क्या ज्वालामुखीच्या राखेने तिकडची कुरणं गाडली होती. तिथे आपल्यासारखंच बापाचं नाव लावतात, पण पुढे आडनाव नाही. बायका लग्नानंतरही बापाचंच नाव ठेवतात. आणि योन हे तर तिथलं सर्वांत सर्रास नाव!

आम्ही पैसे देऊन एका वंशावळ शोधणाऱ्याला गाठलं. त्याने रेशमी फितीत बांधलेली सुंदर वंशावळ दिली. त्यातला योन १८८०च्या जनगणनेत आइसलँडमध्येच गाई राखत होता. आमचा तेव्हा चार वर्षं कॅनडात होता. एका विमानभाड्याएवढे पैसे पाण्यात गेले. असल्या कुणालाही आधी पैसे देऊ नका. जुन्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. १७०३ची तर ५०,३५८ माणसांची, अख्ख्या देशाची नावानिशी आहे. 'ईस्लेंदिंगाबोक या आइसलँडच्या वंशावळींच्या संकेतस्थळावर सगळे सापडतात' असंही ऐकाल. तिथे शिरायला आइसलँडचा ओळख क्रमांक लागतो, तो आपल्याकडे नसतो.

वाट सापडली ती सासूबाईंच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात. पहिल्या पानावर वाडीचं नाव होतं. जनगणना वाडीवार, चर्चवार असते, त्यामुळे रेक्याविकच्या अभिलेखागारात दोन दिवसांत काम झालं. चर्चच्या वह्यांचं जुनं वळण मात्र मोडीसारखं डोळे फोडतं; भिंग न्या. १८६०च्या यादीत योन, वय ७, नावापुढे 'नीदुरसेत्निंगुर'. म्हणजे गावाच्या खर्चाने दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं निराधार पोर. घरात जमीनदारीच्या गोष्टी सांगत आले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवून रडले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई मोलकरीण, अविवाहित. बापाचं नाव तिने सांगितलेलं. त्यापुढे काही नाही.

आता वाडीकडचा रस्ता. पूर्वेतल्या एगिल्सस्तादिर गावाहून व्होप्नाफ्योर्दुर गावाला ९१७ क्रमांकाच्या रस्त्याने जाऊ नका. नकाशा तोच जवळचा दाखवतो. हेल्लिस्हेइदी हा घाट सुमारे साडेसहाशे मीटर चढतो, सगळी खडी, कठडा नाही, आणि आम्हाला वर दाट धुकं. नवरा गाडी चालवत होता, मी खिडकीतून दरी मोजत होते. उतरल्यावर दोघांचेही हात थरथरत होते. टायर खडीने कापला, त्याचे पैसे भाडेगाडीवाल्याने वेगळे लावले. विम्यात टायर धरलेला नव्हता. करार सही करण्याआधी वाचा. मुख्य १ क्रमांकाने जाऊन ८५ धरा. लांब पडतो, पण डांबरी आहे. परत येताना आम्ही तोच घेतला.

व्होप्नाफ्योर्दुरच्या काउपव्हांगुर या जुन्या इमारतीत तिथून परदेशी गेलेल्या स्थलांतरितांची माहिती देणारं केंद्र आहे, तिथे नक्की जा. बाकी तीन दिवस धबधबे वगैरे पाहिले, छान होते.

वाडीवर आता गवताखालचे उंचवटे फक्त. तिथे उभं राहिल्यावर घाट, टायर, सगळं विसरले, पुन्हा जाईन. जवळच्या घरी आधी विचारा, आणि फाटक ओलांडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या बाहेर जातात.