बक्षिसाची पुस्तकं

व्हिक्टोरियन काळात इंग्लंडच्या शाळांमध्ये हुशार मुलांना बक्षीस म्हणून जी पुस्तकं द्यायचे ना, ती मी जमवतो. त्यात एवढं काय असं कुणी विचारलं की मी सरळ एक पुस्तक हातात देतो. पूर्ण काफ लेदर, म्हणजे वासराचं कातडं, वर शाळेचं चिन्ह सोनेरी वर्खात ठसवलेलं, उघडलं की मार्बल पेपर, म्हणजे रंगांच्या लहरींची नक्षी असलेला कागद, आणि त्यावर चिकटवलेलं लेबल, मुलाचं नाव, विषय, साल, खाली हेडमास्तरांची सही. लंडनच्या बिकर्स अँड सन, रेल्फ ब्रदर्स यांची बांधणी खूप सापडते.

माझी सगळ्यात लाडकी ट्री काफ, म्हणजे झाडासारखी नक्षी उमटवलेलं वासराचं कातडं. कातड्यावर पाणी सोडायचं, पुठ्ठा जरासा बाक देऊन तिरपा धरायचा आणि त्या ओघळत्या पाण्यात हिराकस आणि पोटॅश टाकायचं, मग ओघळ जातील तसं खोड आणि फांद्या उमटतात, त्यामुळे कुठलीच दोन झाडं सारखी नसतात!

गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं सेलबॉर्न या त्याच्या गावावरचं निसर्गाचं पुस्तक मूळ १७८९चं, पण त्याच्या नंतर निघालेल्या सचित्र आवृत्त्या बक्षिसात भरपूर दिल्या गेल्या. माझ्याकडची प्रत १८८६ची आहे, त्यातल्या लाकडी ठशाच्या चित्रात घुबडाचं एकेक पीस भिंगाखाली वेगळं दिसतं.

म्हणूनच चित्रं कापून फ्रेम करून विकणारे बघितले की जीव तुटतो, आणि नुसती शोभेसाठी, कपाट भरायला फुटाच्या मापाने कातडी बांधणीची पुस्तकं घेणारेही आहेतच. चित्र, कातडं, लेबल हे सगळं एकत्र राहिलं तरच ते बक्षिसाचं पुस्तक.

घेताना पुस्तकाची पाठ बोटाने हलकी पुसून बघा, तांबूस भुकटी लागली तर रेड रॉट आहे. कातडं कमावायच्या जुन्या पद्धतीमुळे आणि गॅस-कोळशाच्या धुरातल्या सल्फरमुळे कातडं असं सडतं आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही. तेल, पॉलिश अजिबात लावू नका, क्लुसेल-जी नावाचा सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून लावला की भुकटी धरून राहते. आपल्याकडे मुंबईत भीती बुरशीची आणि कसरीची, म्हणून पावसाळ्यात मी कपाटाचं दार किलकिलं ठेवतो, हवा खेळती राहते. आणि चित्रांवरचा टिश्यू पेपर काढून टाकू नका हं, नाहीतर शाई समोरच्या पानावर उतरते.