मंचो लेकच्या अलीकडे, डिझेलमधलं पाणी

अलास्का हायवे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. लांबी साधारण २,२०० किलोमीटर. त्यातला फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा पाचशेच्या वर किलोमीटरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. फोर्ट नेल्सनपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती झाडं. तिथून रस्ता रॉकीजमध्ये शिरतो, समिट लेकपाशी १,२९५ मीटरवर चढतो (अख्ख्या हायवेवरची सगळ्यात उंच जागा हीच) आणि मग खिंडीतून, नदीकाठाने मंचो लेककडे उतरत जातो. मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. डिझेल मिळतं ते रस्त्याकाठच्या लॉजवर. अंगणात एक-दोन पंप, आणि दर शहरापेक्षा पुष्कळ चढा.

याच टप्प्यात, टोड रिव्हर मागे टाकल्यावर, आमच्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डिझेलमध्ये पाणी.

आम्ही एडमंटनला राहतो. गाडी सेकंडहँड आहे, इंजिन मागच्या बाजूला, कमिन्सचं सहा सिलिंडरचं, ६.७ लिटर. या वेळी आई-बाबा भारतातून आले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीत मेकॅनिक म्हणून झाली, शेवटची वर्षं दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. कमिन्स हे नाव त्यांना परकं नाही. किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ साली सुरू झाली आणि पुण्यातल्या दोन पिढ्या त्या नावासोबत वाढल्या. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आतला पलंग, फ्रीज, शेगडी बघायच्या आधी ते मागे जाऊन इंजिनाचं झाकण उघडून उभे राहिले होते.

मी चालवत होते. दिवा लागल्याचं सांगितलं, तर मागच्या सीटवरून बाबांनी एवढंच विचारलं, "चढावर लागला की उतारावर?"

"उतारावर. आत्ताच."

"गाडी ओढते का नीट? झटके देते? धूर?"

काहीच नव्हतं. आवाजही रोजचाच.

"मग पाणी फिल्टरपाशीच अडलंय, पुढे गेलेलं नाही. जागा बघून बाजूला घे आणि बंद कर. उगीच चालू ठेवू नकोस."

या दिव्याबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. कुणी म्हणतं, काही होत नाही, पुढच्या गावापर्यंत चालवा. कुणी म्हणतं, जागेवर उभे राहा आणि टो ट्रक बोलवा. मला दोन्ही पटत नाही. पुढचं गाव तीनशे किलोमीटरवर असेल तर पहिला सल्ला इंजिन मारतो, आणि फोन लागत नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही. दिवा सांगतो ते अगदी थोडं असतं. फिल्टरच्या तळाशी दोन पिना असतात. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते. पाणी जड म्हणून खाली साचतं. ते पिनांपर्यंत चढलं की सर्किट पूर्ण होतं आणि समोर दिवा लागतो. म्हणजे सेपरेटरने, डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या या फिल्टरने, त्याचं काम केलेलं असतं. वाटी भरली, रिकामी करा, एवढाच निरोप. पण तो निरोप टाळला तर वाटी ओसंडते आणि पाणी पुढे हाय प्रेशर पंपात जातं. तिथे दाब दीड हजार बारच्या वर असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून जास्त. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या. तिथलं वंगण म्हणजे डिझेलच. पाणी वंगण देत नाही, गंज आणतं, आणि इंजेक्टरच्या टोकाशी त्याची एकदम वाफ झाली तर टोकच उडू शकतं. मग खर्च हजारो डॉलरमध्ये.

पुढे नदीच्या कडेला खडीची एक रुंद जागा मिळाली. पाऊस नुकताच थांबला होता. समोरच्या उतारावर स्टोन शीप उभ्या होत्या. या मेंढ्या इथे रस्त्यावर येऊन मातीतलं मीठ चाटतात. आई खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसली आणि आम्ही तिघं मागे गेलो.

बाबा जिला सेडिमेंटर म्हणतात, ती पाणी साचायची वाटी इथे फिल्टरच्या बुडाशी होती. खाली हाताने फिरवायचा छोटा कॉक, वर हातपंप आणि हवा सोडायचा स्क्रू. नवऱ्याने मॅन्युअल उघडलं. मी खाली ट्रे ठेवला आणि ट्रेमध्ये आईच्या लोणच्याची धुऊन कोरडी केलेली काचेची बरणी. काचेचीच हवी. प्लास्टिकच्या डब्यात किंवा कापडावर ओतलं की काय निघालं ते कळत नाही, आणि खरी माहिती तर तिथेच असते.

कॉक उघडला. एक थेंब पडला आणि थांबला.

"वरचा स्क्रू सैल कर," बाबा म्हणाले. "हा फिल्टर पंपाच्या अलीकडे आहे, ओढीवरचा. वरून हवा आत गेल्याशिवाय खाली उतरणार नाही."

स्क्रू अर्धा फेरा सोडला आणि धार लागली. आधी गढूळ, मग स्वच्छ बिनरंगी, मग पिवळसर. कॉक बंद केला. बरणी हलू न देता खडीवर ठेवली. थोड्या वेळात रश्श्यावर कट यावा तसं डिझेल वर आलं आणि मध्ये स्पष्ट रेघ पडली. खाली पाणी, जवळजवळ पेलाभर.

इथे एक सांगते, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. कधी कधी बरणीत एकच द्रव दिसतो, रेघच नसते. मग ते सगळं डिझेल की सगळं पाणी, हे नजरेला कळत नाही. खायच्या रंगाचा एक थेंब टाकायचा. तो पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये गोळी होऊन तसाच तळाशी बसतो. आईच्या डब्यात जिलेबीचा केशरी रंग होता. आम्ही खात्रीसाठी टाकला आणि फक्त खालचा थर केशरी झाला. हळद मात्र या कामाला चालत नाही, तिचा रंग तेलात उतरतो.

दुसरी शंका नवऱ्याची होती, आणि ती योग्य होती. नव्या डिझेल गाड्यांना डीईएफची, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते. त्या द्रवात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. ते कुणी डिझेलच्या टाकीत ओतलं तरी हाच दिवा लागतो, आणि ते प्रकरण फार वाईट. तेव्हा इंजिन पुन्हा चालूच करायचं नसतं. आमच्या हातून तसं झालं नव्हतं, पण पंपावर काय मिसळलं असेल कुणी सांगावं. बरणीतलं खालचं पाणी ड्रॉपरने घेऊन स्टीलच्या झाकणावर थेंब टाकले आणि झाकण गरम इंजिनाजवळ ठेवलं. युरिया असता तर वाळल्यावर पांढरे स्फटिक राहिले असते. थेंब वाळले, मागे धुळीची एक फिकट कड राहिली, बाकी काही नाही. वासही अमोनियाचा नव्हता. साधं पाणी.

मग बाबांनी एक गोष्ट करायला लावली जी मॅन्युअलमध्ये नव्हती. थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा कॉक उघडायचा. गाडी उभी राहिली की बारीक थेंब एकत्र येऊन खाली बसतात. दुसऱ्या बरणीत चमचाभर पाणी आलं. पण वरचं डिझेल धुरकट दिसत होतं. बाबांनी बरणी आभाळाकडे धरली. "डिझेल चकचकीत पाहिजे. पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे. हे धुरकट म्हणजे पाणी अजून आत तरंगतंय. फिल्टर बदल."

बरोबर दोन जास्तीचे फिल्टर होते. या रस्त्यावर ते घेतल्याशिवाय निघू नये, असं माझं ठाम मत आहे. पट्ट्याच्या पान्याने जुना फिल्टर सुटला. आणि इथे दोन काळ समोरासमोर आले. बाबा नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरून बसवायच्या तयारीत होते. एसटीत तसंच करायचे, नाहीतर गाडी एअर घेते आणि सुरू व्हायला जीव खाते. मॅन्युअल मात्र स्पष्ट म्हणत होतं की फिल्टर भरून बसवू नका, हातपंपाने प्राइम करा, म्हणजे डिझेल ओढून आतली हवा काढा. कारण साधं आहे: वरून ओतलेलं डिझेल गाळलेलं नसतं, आणि त्यातला कण सरळ पुढे जातो. जुन्या पंपांना तो कण पचत होता, आजच्या जास्त दाबाच्या कॉमन रेल पद्धतीला पचत नाही.

"बाबा, हे कोरडंच बसवायचं म्हणतात."

त्यांनी पान मागून घेतलं, चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं. "बरोबर आहे. फटी बारीक झाल्यात ना आता," म्हणाले आणि हातपंपावर स्वतः बसले. आई आतून ओरडत होती, "अहो, हातमोजे घाला!" पंप आधी मऊ लागत होता, मग हळूहळू घट्ट होत गेला. स्क्रूतून फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. स्क्रू आवळला, सगळं पुसलं, कुठे गळती नाही ते बघितलं. चावी फिरवली. इंजिन थोडं अडखळलं आणि लागलं. पिवळा दिवा नेहमीसारखा क्षणभर उजळून विझला.

काढलेलं पाणी आणि डिझेल एका झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. त्या खडीपासून नदी हाताच्या अंतरावर होती. तिथे ओतायचा विचारसुद्धा कुणी करू नये.

मंचो लेक संध्याकाळी दिसलं. बारा किलोमीटर लांब, हिरवट निळं, आणि रस्ता कड्याच्या पायथ्याशी इतका पाण्यालगत की एका बाजूच्या खिडकीतून फक्त तळं दिसतं. लॉजवर टाकी पूर्ण भरली. दर बघून नवऱ्याने सुस्कारा सोडला, पण अर्धी टाकी ठेवणं परवडणारं नव्हतं. रिकाम्या जागेत हवा असते, रात्री थंडीने त्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं आणि डिझेलखाली जाऊन बसतं. जूनमध्येही इथल्या रात्री गार असतात. 

दुसऱ्या दिवशी लियार्ड हॉट स्प्रिंग्जला थांबलो. लाकडी फळ्यांची वाट दलदलीवरून जाते आणि झाडीत गरम पाण्याचं कुंड येतं, ४२ ते ५२ अंशांचं. १९४२ मध्ये हा रस्ता बांधणारे अमेरिकी सैनिक इथे अंघोळीला यायचे. पुढे कॉन्टॅक्ट क्रीक लागतं. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून रस्ता खोदत आलेल्या दोन पलटणी तिथे २४ सप्टेंबर १९४२ रोजी भेटल्या. त्या काळी इंधन पिंपांतून यायचं. रिकामी पिंपं वाटभर पडलेली असायची, म्हणून या रस्त्याला ऑइलकॅन हायवे असंही नाव पडलं होतं. हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "पिंप उभं ठेवलं की वर पाणी साचतं, आणि रात्री पिंप गार झालं की बुचातून ते आत ओढलं जातं. आम्ही आडवी करून ठेवायचो."

वॉटसन लेकला साइन पोस्ट फॉरेस्ट आहे. कार्ल लिंडली या सैनिकाने १९४२ मध्ये आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी इथे लावली. आता जगभरच्या हजारो पाट्या आहेत. आई त्यांत मराठी पाटी शोधत फिरली. बाबांना मात्र त्यांचा जुना फिल्टर फोडायचा होता. कॅम्पग्राउंडवर पत्र्याची कड करवतीने कापून त्यांनी आतला कागद बाहेर काढला आणि घडी न् घडी उलगडली.

ते शोधत होते काळा बुळबुळीत थर. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, डिझेल खातात आणि फिल्टर बुजवतात. तो थर दिसला असता तर पाणी टाकीत जुनं आहे, असा अर्थ होता. मग टाकी उतरवून साफ करण्यावाचून इलाज नव्हता, आणि पुढच्या मोठ्या शहराच्या, व्हाइटहॉर्सच्या, पलीकडचा प्रवास रद्द. कागदावर फक्त तपकिरी धूळ आणि एका बाजूला गंजाचे दोन-चार ठिपके होते. बोटावर घासून बघितलं, चिकटपणा नाही. म्हणजे पाणी ताजं, बहुधा भर पावसात फोर्ट नेल्सनच्या बरंच आधी एका पंपावर भरलेल्या डिझेलमधलं. तिथे टँकर त्याच वेळी जमिनीखालच्या टाक्या भरत होता. टँकर ओतत असतो तेव्हा तळाचा गाळ आणि पाणी ढवळून वर येतं. आता टँकर दिसला की आम्ही चहा घेतो आणि तो गेल्यावर काही वेळाने भरतो, किंवा पुढच्या पंपावर जातो.

कॅनमधलं पाणी-डिझेल वॉटसन लेकच्या कचरा केंद्रात दिलं. व्हाइटहॉर्सला फिल्टरचा साठा पुन्हा पुरा केला. तोवर रोज सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आणि सुरू करायच्या आधी, कॉक उघडून बरणीत थोडं काढून बघायचं ठरलं. पहिल्या सकाळी तळाशी बोटभर रुंदीचा एक थेंब होता. व्हाइटहॉर्सच्या वाटेवर टेस्लिन या गावी काहीच नव्हतं, आणि बरणीपलीकडे धरलेलं मॅन्युअलचं पान बाबांना चष्म्याने नीट वाचता आलं.